विनोदाची वेगळी चूल : ‘गुमनाम’मधला खून आणि हशा

‘गुमनाम’ हा राजा नवाथे यांनी दिग्दर्शित केलेला हिंदी रहस्यपट १९६५ साली पडद्यावर आला. मनोजकुमार, नंदा, प्राण, हेलन, मदन पुरी, तरुण बोस, धुमाळ आणि मेहमूद असा भरभक्कम नटसंच, शंकर-जयकिशन यांचे संगीत आणि एन. एन. सिप्पी यांच्यासारखा रहस्यपटांची नाडी ओळखणारा निर्माता. चित्रपट उत्तम चालला आणि त्यातली गाणी घरोघरी पोचली. मात्र रहस्यपट म्हणून तो अर्ध्या वाटेवरच थांबला. खून आणि विनोद यांना त्याने एका घरात आणले, पण त्यांचा एकमेकांशी संबंध जुळवला नाही. प्रेक्षक आधी घाबरतो, मग हसतो, मग पुन्हा घाबरायला लागतो. दर वेळी त्याला पहिल्या पायरीपासून चढावे लागते.

या चित्रपटाशी मराठी माणसांचा संबंध बराच जवळचा आहे. राजा नवाथे हे राज कपूर यांच्या हाताखाली तयार झालेले दिग्दर्शक. आर. के. फिल्म्सचा ‘आह’ (१९५३) त्यांनी दिग्दर्शित केला, त्यानंतर ‘बसंत बहार’ (१९५६) हा संगीतप्रधान चित्रपट केला. नायिका नंदा ही ‘ब्रह्मचारी’सारखा विनोदी चित्रपट १९३८ साली देणाऱ्या मास्टर विनायकांची मुलगी. धुमाळ हे तर मराठी रंगभूमीचे पाणी प्यायलेले नट. मराठी वाचकाला रहस्यकथेचे वेडही जुनेच आहे. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार, काळापहाड आणि धनंजय-छोटू यांच्या कथांनी काही पिढ्यांची झोप उडवली. त्या पिढीने ‘गुमनाम’ आवडीने पाहिला आणि आजही ती त्याची आठवण काढते. मात्र आठवण निघते ती गाण्यांची, मेहमूदची, हेलनची. खुनी कोण होता, हे विचारले तर बहुतेकांना डोके खाजवावे लागते. रहस्यपटाच्या वाट्याला याहून मोठा दोष क्वचितच येत असेल.

कथानकाचा सांगाडा अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांच्या १९३९ सालच्या प्रसिद्ध कादंबरीवरून घेतलेला आहे, मात्र तसा उल्लेख न करता. मूळ कादंबरीत दहा माणसांना एका बेटावर बोलावून घेतले जाते. प्रत्येकाच्या हातून पूर्वी कोणाचा तरी जीव गेलेला असतो आणि कायद्याने त्यांचे काहीही वाकडे केलेले नसते. मग एकेक जण मरू लागतो. ‘गुमनाम’मध्ये सुरुवातीलाच एका श्रीमंत माणसाचा खून होतो आणि तो घडवून आणणाराही लगेच मारला जातो. पुढे एका क्लबात नाचगाणे चालू असताना सोडतीत सात जणांना परदेशप्रवासाचे बक्षीस लागते. बिघाड झाला म्हणून त्यांचे विमान एका अनोळखी जागी उतरते आणि सात प्रवासी व विमानातला एक कर्मचारी यांना तिथेच सोडून उडून जाते. कुठून तरी एका बाईच्या गाण्याचे सूर ऐकू येतात. चालता चालता एक हवेली लागते आणि तिथला खानसामा त्यांची वाटच पाहत असतो. सातही जण पहिल्या खुनाशी कोणत्या ना कोणत्या धाग्याने बांधलेले आहेत, हे हळूहळू उघड होते आणि मृत्यूंची मालिका सुरू होते. खुनी कोण, हे येथे सांगण्याचे कारण नाही. चित्रपट न पाहिलेल्या वाचकाचा तेवढा आनंद राखून ठेवलेला बरा.

बंद जागेतल्या रहस्यकथेत प्रेक्षकाच्या मनात सतत वजाबाकी चालू असते. आठ होते, सात उरले, आता सहा. उरलेल्यांपैकीच एक जण खुनी आहे. म्हणजे प्रत्येक मृत्यूबरोबर भीती वाढते आणि संशयाचे वर्तुळ लहान होते. हा हिशेब अखंड चालायला हवा. कथेतले प्रत्येक पात्र त्या हिशेबात धरलेले असले पाहिजे. ज्याला मरण येणार नाही आणि ज्याच्यावर संशयही टिकणार नाही अशी आपली खात्री होते, त्याचा वावर कथेला सैल करतो. ख्रिस्ती यांनी हे अचूक ओळखले होते. त्यांच्या कादंबरीत घर सांभाळणारा नोकर आणि त्याची बायको हेही दहा अपराध्यांत आहेत. चहा आणून देणाऱ्यालाही सुटका नाही.

‘गुमनाम’ने नेमके इथेच वेगळे वळण घेतले. त्यातला खानसामा सात जणांच्या यादीत नाही. तो मेहमूद आहे आणि तो मेहमूद आहे हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक आहे. सुरुवातीला पाहुणे त्याच्याकडे संशयाने पाहतात, कारण तो त्यांची वाट पाहत होता. पण लुंगी नेसलेला, हैदराबादी दख्खनी बोलीत बडबडणारा, उलटसुलट उत्तरे देणारा हा माणूस खून करणार नाही आणि त्याचा खूनही होणार नाही, याची हमी पहिल्या दहा मिनिटांत मिळून जाते. तेव्हापासून तो चित्रपटात राहूनही कथेबाहेर असतो. हवेलीत प्रेते पडत आहेत आणि खानसाम्याला किटी केली या पाहुणीच्या, म्हणजे हेलनच्या, प्रेमाचे वेध लागले आहेत. या एकतर्फी प्रेमातूनच मेहमूदचे ते गाजलेले गाणे येते. महंमद रफींनी आवाजाला असा काही हैदराबादी लहेजा दिला आहे की गाणे मेहमूदच गात आहे असे वाटावे. रंग काळा असला म्हणून काय झाले, मनाने आम्ही श्रीमंत आहोत, असे हा नोकर एका गोऱ्या पाहुणीला ऐकवतो. त्या हास्यात एक खरी वेदना आहे, आणि गोऱ्या रंगाला डोक्यावर घेणाऱ्या समाजाला दिलेली चपराकही. चित्रपटातला सर्वांत सच्चा विनोद हाच. आणि या गाण्याचा खुनाशी काडीचाही संबंध नाही. ते उचलून दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात ठेवले असते तरी तितकेच रंगले असते.

यात मेहमूदचा दोष नाही. त्या काळातल्या हिंदी चित्रपटाची रचनाच तशी होती. नायक-नायिकेची कथा एकीकडे आणि विनोदवीराची कथा दुसरीकडे. विनोदवीराला स्वतःची प्रेयसी, स्वतःचे गाणे, स्वतःचे भांडण. दोन्ही धागे मध्यंतरापूर्वी एकदा आणि शेवटी एकदा एकमेकांना भेटले तरी पुरे. साठच्या दशकात मेहमूद इतका लोकप्रिय होता की नुसते त्याचे नाव जाहिरातीत असणे चित्रपटाच्या विक्रीला उपयोगी पडे. मेहमूद, शुभा खोटे आणि धुमाळ या तिघांचे त्रिकूट तर ‘ससुराल’ (१९६१) पासून ठरलेलेच झाले होते. धुमाळ बाप, शुभा खोटे मुलगी आणि मेहमूद तिच्यामागे लागलेला उपद्रवी प्रियकर. कौटुंबिक चित्रपटात ही वेगळी चूल चालून जाते, कारण तिथे प्रेक्षकाला मध्येच उठवून दुसऱ्या पंगतीला बसवले तरी फारसे बिघडत नाही. रहस्यपटात मात्र भीतीचा विस्तव एकदा विझला की पुन्हा फुंकावा लागतो, आणि प्रत्येक फुंकरीला तो आधीपेक्षा मंदच पेटतो.

धुमाळ यांचे उदाहरण याच चित्रपटात मेहमूदच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. ते सात प्रवाशांपैकी एक, धर्मदास. भेदरलेला, दारूचा आधार शोधणारा, प्रत्येक आवाजाला दचकणारा माणूस. त्याच्यावर हसू येते, पण ते हसू भीतीच्या आतून येते, कारण त्याचाही नंबर लागू शकतो. त्याची बोबडी वळते तेव्हा प्रेक्षक हसतो आणि त्याच क्षणी अंधारातल्या दाराकडेही पाहतो. एका नटाने विनोद आणि धास्ती एकाच नजरेत कशी ठेवावी, हे धुमाळ यांनी थोडक्या प्रसंगांत दाखवले आहे. दिग्दर्शकाने त्या धाग्याला आणखी वाव दिला असता तर ‘गुमनाम’ची जात बदलली असती. पण वेळ, गाणे आणि टाळ्यांची हमी खानसाम्याकडे होती. धर्मदास कोपऱ्यात राहिला.

गाण्यांचेही असेच आहे. क्लबातल्या प्रसंगात येणारे ‘जान पहचान हो’ हे रफींचे गाणे हिंदी चित्रपटातल्या सर्वांत झपाटलेल्या नृत्यांपैकी एक. डोळ्यांवर मुखवटा लावलेली लक्ष्मी छाया, सोनेरी झालरीचा पोशाख, टेड लायन्स आणि त्यांच्या वाद्यवृंदाचा दणदणाट, हर्मन बेंजामिन यांचे नृत्यदिग्दर्शन. गाण्यावर ओठ हलवताना पडद्यावर दिसतात ते बेंजामिनच. हे गाणे योग्य जागी आहे, कारण धोका अजून सुरू व्हायचा आहे आणि ज्यांचा पुढे बळी जाणार ते सारे त्याच क्लबात बेफिकीर बसलेले आहेत. लता मंगेशकरांच्या आवाजातले शीर्षकगीतही कथेचाच भाग आहे. त्याची चाल हेन्री मॅन्सिनी यांच्या ‘शराड’ या १९६३ सालच्या चित्रपटातल्या गीतावरून सुचलेली. तो ‘शराड’ खून आणि विनोद यांचा मेळ उत्तम जमवलेला चित्रपट म्हणून ओळखला जातो, हे विशेष. ‘गुमनाम’ने त्याची चाल घेतली, पण तो मेळ कसा साधला आहे याकडे पाहिले नाही. उरलेली गाणी मात्र खून झाल्यावर येतात. कालच कोणी तरी मेले आहे, पळून जायला वाट नाही आणि उरलेली मंडळी समुद्रकिनारी गात आहेत, नायक नायिकेची छेड काढत आहे, दोघी जणी झिंगून नाचत आहेत. मरणाच्या छायेतल्या माणसाने बेभान होणे समजू शकते. एका गाण्यात हेलनने ते दाखवायचा प्रयत्नही केला आहे. पण एकापाठोपाठ एक अशी गाणी आली की प्रेक्षक वजाबाकी विसरतो.

हीच कथा आधी पडद्यावर कशी आली होती, हे पाहिले की फरक स्पष्ट होतो. फ्रेंच दिग्दर्शक रेने क्लेअर यांनी १९४५ साली हॉलिवुडमध्ये या कादंबरीवर चित्रपट केला. क्लेअर मुळात विनोदी चित्रपटांचे दिग्दर्शक. त्यांनी बेटावर विनोदासाठी वेगळा माणूस आणला नाही. विनोद काढला तो संशयातून. त्यातल्या एका प्रसंगात एक पाहुणा दुसऱ्याच्या खोलीच्या किल्लीच्या भोकाला डोळा लावून बसला आहे. कॅमेरा मागे सरकतो तर त्या पाहुण्याकडे तिसरा तसाच पाहतो आहे, आणि त्या तिसऱ्याकडे चौथा. संवादाची गरजच पडत नाही. सारे सभ्य, प्रतिष्ठित लोक वाकून एकमेकांवर पाळत ठेवत आहेत. हे दृश्य खदखदून हसवते आणि ‘इथे कोणाचाच कोणावर विश्वास उरलेला नाही’ ही कथेतली सर्वांत भीतिदायक गोष्टही तेच सांगते. एकाच दृश्याने दोन्ही कामे केली. ज्या वर्षी ‘गुमनाम’ आला त्याच १९६५ साली ब्रिटनमध्ये जॉर्ज पोलॉक यांनीही याच कथेवर चित्रपट काढला आणि घटनास्थळ बेटावरून बर्फाच्छादित डोंगरावरच्या बंगल्यात नेले. कथा तितकी लवचीक आहे. बेट बदलले, देश बदलला, गाणी घातली तरी चालते. मृत्यूच्या यादीतून कोणाला सूट दिली की मात्र ती ढिली पडते.

हिंदीत ही अडचण ‘गुमनाम’पुरती नव्हती. बीरेन नाग यांच्या ‘बीस साल बाद’ (१९६२) या शेरलॉक होम्सच्या एका कथेवर बेतलेल्या चित्रपटात असित सेन यांनी गोपीचंद नावाचा संथ बोलणारा हौशी जासूस रंगवला. तो हसवतो, पण तपासात त्याची लुडबुड मर्यादित राहते, म्हणून चित्रपटाची दहशत टिकते. राज खोसला यांच्या ‘वह कौन थी’मध्येही (१९६४), जो सिप्पी यांनीच काढला होता, रहस्याला प्राधान्य आहे आणि बाकीचे सारे त्याच्या मागून चालते. मेहमूदने स्वतः १९६५ सालीच ‘भूत बंगला’ हा चित्रपट काढला आणि दिग्दर्शितही केला. तनुजा त्याची नायिका, आणि संगीतकार राहुल देव बर्मन त्यात चक्क भूमिका करतात. तिथे पहिल्यापासून कबुली आहे की हा हसत हसत घाबरवण्याचा खेळ आहे. त्यामुळे विस्कळीत असूनही तो प्रेक्षकाला फसवत नाही. एकाच वर्षी, एकाच नटाचे हे दोन चित्रपट शेजारी ठेवले तर ‘गुमनाम’ची अडचण अधिक कळते. त्याला भयपटही व्हायचे होते आणि मेहमूदचा चित्रपटही.

पुढे पारडे उलट्या बाजूला झुकले. राज कपूर आणि राजेंद्रकुमार यांचा ‘दो जासूस’ (१९७५) आणि राज कपूर यांचाच ‘गोपीचंद जासूस’ (१९८२), दोन्हींचे दिग्दर्शक नरेश कुमार. या चित्रपटांत जासूस हीच गंमत आहे. नट वेषांतरे करतात, धडपडतात, चुकीच्या माणसाचा पाठलाग करतात. पण गुन्हा इतका पोकळ असतो की तो उकलला काय आणि न उकलला काय, कोणाला फरक पडत नाही. ज्याचे काहीच पणाला लागलेले नाही अशा माणसाची फजिती थोड्याच वेळात कंटाळवाणी होते. ‘गुमनाम’मध्ये विनोद गुन्ह्याबाहेर राहिला. या दोन चित्रपटांत विनोदाने गुन्हाच गिळून टाकला. पंकज पराशर यांच्या ‘करमचंद’ या मालिकेने १९८५ साली दूरदर्शनवर हा हिशेब बराचसा दुरुस्त केला. गाजर चावणारा पंकज कपूर आणि त्याची भाबडी मदतनीस किटी हसवतात ते तपास करता करता. त्यांच्या विनोदासाठी तपास थांबवावा लागत नाही.

हा मेळ पूर्णपणे जमलेला भारतीय चित्रपट पाहायचा तर काशीला जावे लागते. सत्यजित राय यांचा बंगाली ‘जय बाबा फेलुनाथ’ १९७९ साली आला आणि त्याचे चित्रीकरण काशीच्या घाटांवर व गल्ल्यांतच झाले. फेलूदाच्या कथा मराठीत अशोक जैन यांच्या अनुवादांमुळे अनेकांनी वाचल्या आहेत, त्यामुळे पात्रे ओळखीची आहेत. सौमित्र चॅटर्जी यांचा फेलू, त्याचा चुलतभाऊ तोपशे आणि संतोष दत्त यांनी अजरामर केलेले लालमोहन गांगुली ऊर्फ जटायू. हे जटायू स्वस्त थरारक कादंबऱ्या लिहिणारे लेखक. पुस्तकात त्यांचा नायक वाटेल ते पराक्रम करतो, आणि लेखक स्वतः घाबरट. काशीतल्या घोषाल कुटुंबातली गणपतीची एक मौल्यवान मूर्ती नाहीशी होते आणि तिच्यावर मगनलाल मेघराज या धनाढ्य, निर्ढावलेल्या व्यापाऱ्याचा डोळा असतो. मगनलाल रंगवला आहे उत्पल दत्त यांनी. याच वर्षी आलेल्या हृषिकेश मुखर्जी यांच्या ‘गोलमाल’मध्ये मिशीवरून माणसाची पारख करणारे भवानीशंकर म्हणून त्यांनी देशाला हसवले होते. एकाच नटाने एकाच वर्षी विनोद आणि दहशत यांची दोन टोके गाठली.

चित्रपटातला सर्वांत गाजलेला प्रसंग मगनलालच्या घरी घडतो. मगनलाल तिघांना बोलावून घेतो, गोड बोलतो, सरबत मागवतो. सरबत प्यावे की नाही, यावरून जटायूंची झालेली अवस्था पाहून प्रेक्षक हसू लागतो. मग मगनलाल फेलूला पैसे घेऊन तपास सोडायला सांगतो. फेलू नकार देतो. मगनलाल आवाज चढवत नाही. तो एक करमणुकीचा खेळ दाखवायचे ठरवतो. अर्जुन नावाचा, हात थरथरणारा म्हातारा चाकूफेक करणारा येतो, आणि फळीसमोर उभे केले जाते ते जटायूंना. एकेक सुरी त्यांच्या अंगाजवळ सणकन येऊन रुतते. प्रेक्षकाचे हसू अजून पुरते मावळलेले नाही, जटायूंचा चेहरा अजूनही हास्यास्पद आहे, पण श्वास अडकलेला असतो. ज्या माणसाला आपण इतका वेळ हसलो, तो आता खरोखर मरू शकतो. खेळ संपतो तेव्हा जटायू शुद्धीवर नसतात. त्यानंतर फेलूच्या चेहऱ्यावर जो अपमान आणि निर्धार दिसतो, तिथून कथेला खरी गती येते. एक तर या माणसाला धडा शिकवीन, नाही तर हा व्यवसाय सोडीन, असे तो ठरवतो. म्हणजे विनोदी पात्राच्या फजितीने नायकाला कृतीकडे ढकलले. हा प्रसंग काढला तर चित्रपटच उरत नाही. खानसाम्याचे गाणे काढले तरी ‘गुमनाम’ची कथा मात्र जागची हलत नाही.

राय यांनी कुठे हसायचे नाही, हेही ठरवलेले होते. दुर्गेची मूर्ती रंगवणाऱ्या म्हाताऱ्या शशिबाबूंचा रात्री अंधाऱ्या गल्लीत खून होतो. त्या दृश्यात आणि त्यानंतर कुठेही विनोदाचा शिडकावा नाही. गरीब, निरुपद्रवी कारागिराचा मृत्यू आहे, त्याची किंमत प्रेक्षकाला मोजू दिली आहे. शिवाय खलनायक कोण हे राय यांनी लपवले नाही. ‘सोनार केल्ला’तही (१९७४) दुष्ट माणसे कोण, हे प्रेक्षकाला नायकाआधी कळते. ओळख पटवण्याचे कोडे बाजूला ठेवले की शेवटी लांबलचक उलगडा करत बसावे लागत नाही, आणि मधल्या वेळात पात्रांना मोकळेपणे वावरता येते. विनोदाला जागा मिळते ती तिथे. ‘गुमनाम’मध्ये कोडे शेवटपर्यंत राखायचे होते, म्हणून पात्रांना गप्प ठेवावे लागले आणि हसवण्याचे बहुतेक काम खानसाम्यावर पडले.

जागेचाही यात वाटा आहे. निर्जन ठिकाणच्या हवेलीत बाहेरचे आयुष्य नसते. तिथे विनोद आणायचा तर तो माणसांच्या भीतीतूनच यायला हवा, नाही तर तो बाहेरून आणल्यासारखा दिसतो. काशीचे तसे नाही. दशाश्वमेधाजवळच्या बंगाली टोल्यात दुर्गापूजेची धांदल असते. गल्लीत बैल आडवा उभा असतो, घाटावर नव्या बाबांभोवती गर्दी जमते, मुक्कामाच्या ठिकाणी शेजारी कोणी तरी शरीरसौष्ठवपटू दंड दाखवत असतो. गंमत वस्तीतच आहे आणि गुन्हाही त्याच वस्तीत लपला आहे. त्याच दिवसांत गंगेच्या पलीकडच्या तीरावर, काशीनरेशांच्या किल्ल्याजवळ, रामनगरची रामलीला रंगात आलेली असते. अनंत चतुर्दशीला सुरू होऊन ती महिनाभर चालते. तिला एक ठरावीक रंगमंच नाही. अयोध्या, जनकपूर, लंका ही ठिकाणे गावभर पसरलेली आहेत आणि हजारो प्रेक्षक पात्रांमागून चालत एका ठिकाणाहून दुसरीकडे जातात. विजेचे दिवे नाहीत, ध्वनिक्षेपक नाहीत. नाटक आणि नगर वेगळे करता येत नाही. राय यांच्या चित्रपटात काशीचे हेच झाले आहे. तिथे साधूही संशयित असू शकतो, मूर्तीही लपवण्याची जागा असू शकते आणि घाबरट लेखकही सुऱ्यांसमोर उभा राहू शकतो.

‘गुमनाम’ला मात्र त्याच्या तुकड्यांनी जगवले. ‘जान पहचान हो’ २००१ साली ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकी चित्रपटाच्या अगदी सुरुवातीला वाजले आणि हिंदी चित्रपट कधीही न पाहिलेल्या लोकांना त्या नृत्याने वेड लावले. दहा वर्षांनी एका परदेशी बिअरच्या जाहिरातीतही ते आले. मूळ चित्रपट कशाबद्दल आहे, याची त्यातल्या बहुतेकांना कल्पना नव्हती आणि गरजही वाटली नाही. राजा नवाथे यांनी त्यानंतर १९६७ साली मनोजकुमार आणि मेहमूद यांनाच घेऊन ‘पत्थर के सनम’ केला. तिथे मात्र खुनाचे कोडे नव्हते, प्रेमाचा त्रिकोण होता, आणि विनोदाची वेगळी चूल त्यात फारशी खुपली नाही.

जुन्या रहस्यपटांची आवड असलेल्यांनी ‘गुमनाम’ जरूर पाहावा. एकदा पूर्ण पाहावा आणि मग धुमाळ यांचे प्रसंग तेवढे पुन्हा पाहावेत. त्यानंतर जमल्यास ‘जय बाबा फेलुनाथ’मधला मगनलालच्या घरचा प्रसंग लावावा. ‘गुमनाम’ला जे साधले नाही ते नेमके काय होते, हे कोणत्याही समीक्षेपेक्षा ती दोन माणसे, धर्मदास आणि जटायू, अधिक चांगले सांगतात.